माझं म्हणणं केसपेपरवर ‘लक्षण’ म्हणून का लिहिलं जातं?

कोरा_कागद | सोमवार, रात्री ९:४०

इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. मला बायपोलर आजार आहे. निदान होऊन अकरा वर्षं झाली. औषधं चालू आहेत, नोकरी चालू आहे, सध्या बरं चाललं आहे.

गेल्या महिन्यात मी माझ्या सात वर्षांपूर्वीच्या ॲडमिशनची फाइल अर्ज करून मागवली. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं त्यातलं खरं किती हे बघायचं होतं. फाइलमध्ये नवव्या दिवसाची एक नोंद आहे: ‘रुग्णास लिहिण्याचा नाद. वारंवार तक्रारीचे कागद लिहिते. अक्षर बारीक, अवाचनीय. विचारांत विस्कळीतपणा.’ आणि पुरावा म्हणून माझाच एक कागद मागे टाचलेला आहे.

तो कागद मी दिव्याखाली धरला. पहिला शब्द ‘माननीय’ चांगला ठसठशीत आहे. ओळ पुढे सरकते तसं अक्षर लहान होत जातं आणि टोकाला तिळाएवढं उरतं. दुसरी ओळ पुन्हा मोठ्या अक्षरात सुरू होते, पुन्हा आक्रसते. भिंग लावलं तर मजकूर अगदी सरळ आहे. ‘नवीन इंजेक्शन सुरू झाल्यापासून हात आखडला आहे. पेन धरवत नाही. घास गिळायला वेळ लागतो. डोस एकदा बघावा ही विनंती.’

अँटिसायकॉटिक, म्हणजे भास-भ्रम आवरणाऱ्या औषधांनी काही जणांना पार्किन्सनसारखा त्रास होतो. अंग कडक होतं, हालचाल मंदावते, आणि अक्षर असं ओळीगणिक बारीक होत जाणं ही त्याची ओळखीची खूण आहे. म्हणजे मी ज्या त्रासाबद्दल लिहीत होते, तो त्रास त्या अक्षरातच दिसत होता. माझा कागद त्यांनी बघितला, वाचला मात्र नाही.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की लेखक, वर्तमानपत्रं, सरकारं, बंदी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मला कुणी बंदी केली नव्हती. कागद दिला, पेन दिलं, लिहू दिलं. फक्त मी लिहिलेलं हे कुणाशी तरी बोलणं आहे असं तिथे कुणालाच वाटलं नाही. याला स्वातंत्र्य म्हणायचं का? ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्याकडून ऐकायचं आहे. जवळच्या माणसांनीही लिहा.

---

दुसरा_आवाज | सोमवार, रात्री १०:१५

वाचून बराच वेळ नुसता बसलो.

मला आवाज ऐकू येतात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून. आजवर मला ‘आवाज येतात का?’ हे शेकडो वेळा विचारलं गेलं असेल. उत्तर हो किंवा नाही, मग किती वेळा, मग दिवसा की रात्री. पहिल्या आठ वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की ते आवाज म्हणतात काय.

नेदरलँड्समध्ये मारियस रोम नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे पॅट्सी हेग नावाची एक बाई उपचार घेत होती. माझे आवाज मला खरे वाटतात, त्यांबद्दल माझ्याशी बोला, असा तिने हट्टच धरला. १९८७मध्ये ते दोघं टीव्हीवर गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांनी संपर्क साधावा असं आवाहन केलं. शेकडो लोकांनी साधला. त्यांतल्या कित्येकांनी कधी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आवाजांसकट ते संसार करत होते. आवाज ऐकणाऱ्यांचे गट पुढे अनेक देशांत निघाले ते तिथून. अशाच एका ऑनलाइन गटात मी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं की माझा एक आवाज माझ्या शाळेतल्या एका माणसाचा आहे. समोरच्याने विचारलं, ‘त्या माणसाने तुझं काय केलं होतं?’

एवढा एक प्रश्न कानावर पडायला मला आठ वर्षं लागली. गोळ्या मी आजही घेतो, त्यांच्याविरुद्ध काही म्हणणं नाही. पण गोळी प्रश्न विचारत नाही.

---

थोरला | सोमवार, रात्री ११:०५

मी दुसऱ्या बाजूचा आहे. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आईवडील नाहीत, आम्ही दोघंच. तुमचं लिहिलेलं पटतंय आणि त्रासही होतोय, कारण गेले दोन महिने त्याचा फोन माझ्या कपाटात कुलूपबंद आहे.

कारण सांगतो. त्याचा आजार उसळला की तो रात्री-बेरात्री फेसबुकवर लिहितो. कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय, कुणी खुणा करतंय. लोकांची नावं घालून लिहितो.

[हा परिच्छेद भावाच्या सांगण्यावरून काढला आहे. खाली बुधवारी लिहिलं आहे. – थोरला]

लोक त्याच्या पोस्टचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवतात आणि खाली हसण्याची चिन्हं टाकतात. उद्या तो बरा झाला की त्याला हे सगळं बघावं लागणार. मी फोन काढून घेतला तो त्याला गप्प करायला नाही, वाचवायला. पण तो रोज सकाळी विचारतो, ‘दादा, फोन?’ आणि मी नाही म्हणतो. काय करू ते मनापासून विचारतोय.

---

भरतीओहोटी | सोमवार, रात्री ११:५०

थोरला, तुमच्या भावाच्या जागी मी होते, म्हणून सांगते.

मेनियात, म्हणजे आजारात मन अनावर उसळलेलं असताना, मी एका रात्रीत ऑफिसला चाळीस ईमेल पाठवले होते. पहाटे तीन ते सहा. कुणाला नव्या कंपनीचा आराखडा, कुणाला प्रेमपत्र, कुणाला शिव्या. त्यातले बरेचसे मला आजही वाचवत नाहीत. त्या रात्री कुणीतरी मला थांबवायला हवं होतं, हे मी स्वच्छ शब्दांत सांगते. जे लोक म्हणतात की आजारात माणूस जे काही बोलेल ते बोलू द्यावं, त्यांनी ती सकाळ भोगलेली नाही.

पण त्या चाळिसांतला एक ईमेल खरा होता. एक वरिष्ठ माझ्याशी जे वागत होता त्याबद्दलचा. दीड वर्ष गिळून ठेवलेलं मी त्या रात्री लिहून टाकलं, कारण त्या रात्री मला भीती वाटत नव्हती. परत कामावर रुजू झाले तेव्हा मोठ्या समजूतदारपणे सांगण्यात आलं की त्या रात्रीचं काहीच आम्ही मनावर घेतलेलं नाही, तुम्हीही विसरा. सगळ्या चाळीस ईमेलांना मिळून एकच माफी होती. एकोणचाळीस मी मागे घेते. तो एक मागे घेतलेला नाही, घेणारही नाही.

---

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी ७:२०

भरतीओहोटी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. त्या एकाचं पुढे काय झालं?

---

भरतीओहोटी | मंगळवार, सकाळी ८:०५

काही नाही. तो बढती घेऊन दुसरीकडे गेला. मी नोकरी सोडली.

---

जुनी_पानं | मंगळवार, दुपारी १:३०

कोरा_कागद, तुमची ती ‘लिहिण्याचा नाद’ ही नोंद वाचून एक जुना प्रयोग आठवला. डेव्हिड रोझेनहान यांनी १९७३मध्ये ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला. आजार नसलेली माणसं आवाज ऐकू येतात असं खोटं सांगून मनोरुग्णालयांत भरती झाली आणि आत जाऊन नेहमीसारखी वागू लागली, असा तो प्रयोग. ही माणसं वहीत टिपणं काढत बसायची. त्यांतल्या एकाच्या नोंदीत शेरा होता की रुग्ण ‘लेखनवर्तन’ करतो. काय लिहितोस, हे विचारल्याची नोंद नाही. मात्र हा प्रयोग आता डोळे मिटून सांगू नये. पत्रकार सुझॅना कॅहलन यांनी २०१९मध्ये त्याची जुनी कागदपत्रं शोधली आणि रोझेनहान यांच्या नोंदींवर आणि आकड्यांवर गंभीर शंका उभ्या केल्या.

त्याहून पक्की गोष्ट एलिझाबेथ पॅकार्ड यांची. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८५१चा कायदा असा होता की नवऱ्याने सांगितलं तर बायकोला जाहीर सुनावणीशिवाय मनोरुग्णालयात टाकता येई. नवरा धर्मोपदेशक होता आणि धर्माबद्दल हिची मतं त्याच्याहून वेगळी होती. १८६०मध्ये तिला आत टाकलं. तीन वर्षं ती आत होती आणि लपूनछपून लिहीत होती. सुटल्यावर १८६४मध्ये ज्यूरीने सात मिनिटांत ती शहाणी असल्याचा निकाल दिला. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसत्या स्वतःच्या सुटकेवर ती थांबली नाही. आतल्या माणसांना बाहेर पत्रं पाठवता आली पाहिजेत यासाठी ती राज्याराज्यांत झगडली आणि १८७२मध्ये आयोवात तसा कायदा झाला. आत राहून आलेल्या बाईला बरोबर ठाऊक होतं की पहिली गरज टपालाची आहे.

सोव्हिएत संघाचं तर सर्वांना माहीत असेल. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांवर ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चा शिक्का मारत. अशाच विरोधकांपैकी एक, व्लादिमिर बुकोव्हस्की यांनी १९७१मध्ये त्याचे कागद पश्चिमेकडे पोचवले. जगभर टीका वाढत गेली आणि अखेर १९८३मध्ये सोव्हिएत संघटना मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेतून बाहेर पडली.

---

कोरा_कागद | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

जुनी_पानं, माहितीबद्दल मनापासून आभार. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या तिन्ही गोष्टींचा शेवट एकच आहे: ती माणसं आजारी नव्हतीच. रोझेनहानची माणसं धडधाकट, पॅकार्डबाई शहाण्या, बुकोव्हस्की शहाणे. म्हणून त्यांची तोंडं बंद करणं हा अन्याय. लोकांना अशा गोष्टी आवडतात, कारण त्यांत चूक फक्त निदानाची असते.

मी आजारी आहे. निदान बरोबर आहे. नवव्या दिवशी माझ्या डोक्यात आणखी बऱ्याच भलत्या गोष्टी होत्या, फाइलमध्ये त्याही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरी माझा हात आखडला होता, हेही खरं होतं. शहाणी ठरले तरच माझं बोलणं बोलणं ठरणार असेल, तर मला जो हक्क हवा आहे तो हा नव्हे.

---

दुसरा_आवाज | मंगळवार, संध्याकाळी ७:००

हेच. अगदी हेच.

---

जुनी_पानं | मंगळवार, रात्री ९:१०

तुम्ही माझी चूक दाखवलीत, मान्य करतो. तुमच्या म्हणण्याला जवळची दोन माणसं सांगतो.

क्लिफर्ड बिअर्स यांनी १९०८मध्ये मनोरुग्णालयातल्या दिवसांवर लिहिलं. आपण आजारी होतो, भ्रम होते, हे त्यांनी कुठेही लपवलं नाही. आणि मारहाण झाली हेही लिहिलं. आतून त्यांनी राज्याच्या गव्हर्नरला तिथल्या कारभाराबद्दल पत्र पाठवलं होतं. त्यांच्या लिखाणातून अमेरिकेत मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली.

दुसरे डॅनिएल पाउल श्रेबर, जर्मनीतले मोठे न्यायाधीश. देव किरणांमधून आपल्याशी बोलतो, आपल्याला स्त्री करतो आहे, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी सोडली नाही. कायद्याने त्यांना पालकाच्या ताब्यात दिलेलं होतं. त्याविरुद्ध ते स्वतः लिहून भांडले. आपल्या अनुभवांचं पुस्तक त्यांना छापायचं होतं आणि नेमकं तेच त्यांच्याविरुद्ध पुढे केलं गेलं. जो माणूस असलं काही छापू बघतो त्याच्या हाती कारभार कसा द्यायचा? ड्रेस्डेनच्या न्यायालयाने १९०२मध्ये पालकत्व उठवलं, तेही माणूस आजारी आहे हे मान्य करून. श्रद्धा तशीच असली तरी तो स्वतःचं बघू शकतो, असा निकाल. पुढच्या वर्षी पुस्तक आलं. फक्त त्यातलं तिसरं प्रकरण छापण्यायोग्य नाही म्हणून गाळलेलं होतं. ते त्यांच्या घरच्या माणसांबद्दल होतं.

---

साधा_प्रश्न | मंगळवार, रात्री १०:३०

माझा प्रश्न कुणाला टोचला तर माफ करा, पण तो मला रोज पडतो. माझ्या आईला वाटतं की तिच्या जेवणात कुणीतरी काही मिसळतंय. तिचं म्हणणं ‘ऐकायचं’ म्हणजे मी करायचं काय? हो म्हटलं तर भ्रम पक्का होतो. नाही म्हटलं तर ती जेवत नाही. प्रत्येक वाक्य सन्मानाने ऐका हे लिहायला सोपं आहे. दिवसातून तीन वेळा ताट घेऊन समोर बसावं लागलं की कळतं.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ६:५०

आत्ताच ड्यूटी संपवून आले. मनोविकार वॉर्डात नर्स आहे, सोळा वर्षं झाली. कोरा_कागद ताई, तुमच्या फाइलमधल्या नोंदीसारख्या नोंदी मीही लिहिल्या आहेत. पहिल्यांदा हेच सांगायचं होतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

त्या कशा लिहिल्या जातात तेही सांगते. रात्री दोघींवर पूर्ण वॉर्ड असतो. नोंद ड्यूटी संपायच्या आत करायची असते. रुग्णाने दहा वाक्यं सांगितली तर आपण एक शब्द लिहितो: ‘संशयी’, ‘चिडचिड’, ‘मागणीखोर’. पुढच्या पाळीची नर्स तो शब्द वाचते आणि रुग्णाला भेटायच्या आधीच तिला तो माणूस कळलेला असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या शब्दाचं निदान झालेलं असतं.

माझी सवय बदलली ती एका आजोबांमुळे. ‘कानात काहीतरी चालतंय’, असं ते म्हणायचे. कान धरून बसायचे, रात्री ओरडायचे. त्यांना आधीपासून भास व्हायचे, त्यामुळे आम्ही तीन दिवस ‘भास’ असंच लिहिलं. चौथ्या रात्री मला त्यांच्या उशीवर ओला डाग दिसला. टॉर्च धरून बघितलं तर कान लाल झालेला आणि आत किडा. जिवंत. डॉक्टरांनी तेल घालून तो बाहेर काढला. आजोबा माझ्यावर चिडले नाहीत. ‘मी सांगत होतो’, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून रुग्णाचं वाक्य मी त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहिते. आधी वाक्य, मग मी स्वतः काय बघितलं ते, आणि मत द्यायचंच तर सगळ्यात शेवटी. दोन मिनिटं जास्त जातात.

साधा_प्रश्न, आईंना हो किंवा नाही म्हणायची गरज नसते. ‘तुला भीती वाटतेय, दिसतंय मला. काय केलं म्हणजे जेवशील?’ असं विचारून बघा. कुणी सांगतं माझ्यासमोर वाढ, कुणी म्हणतं आधी तू खा. आणि एकदा, एकदाच, खरोखर तपासा. चव बदलल्याची तक्रार काही औषधांनीही होते. लिथियमने तोंडात धातूसारखी चव येते असं कितीतरी जण सांगतात. आपण जे भ्रम म्हणून सोडून देतो त्याच्या आत कधीकधी असं काही निघतं.

---

पक्षकार | बुधवार, दुपारी १२:१५

वकील आहे, या क्षेत्रातली प्रकरणं बघतो. थोरला यांच्या फोनच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कायद्यात ही गोष्ट मोघम ठेवलेली नाही. मानसिक आजार असलेल्यांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९१च्या तत्त्वांत आतल्या माणसाला सेन्सॉर न होता खाजगी पत्रव्यवहार करता यावा असं म्हटलं आहे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९२मध्ये हेर्त्सेगफाल्वी विरुद्ध ऑस्ट्रिया या खटल्यात पत्रव्यवहाराच्या आणि माहिती मिळवण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. त्या माणसाची पत्रं पाठवायची की नाही हे पालकाने ठरवावं म्हणून ती त्याच्याकडे दिली जात होती. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही कलम २६ आहे: भरती असलेल्या माणसाला भेटी, फोन आणि ईमेल यांचा हक्क. फोनच्या वेळा संस्थेच्या नियमांप्रमाणे ठरू शकतात. आणि कलम २५ म्हणजे कोरा_कागद यांनी जे केलं ते, स्वतःची कागदपत्रं मागण्याचा हक्क.

सगळ्यात वरचं छत संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं, कलम २१: मत आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, इतरांच्या बरोबरीने. हे कलम वाचताना मला नेहमी एक उणीव जाणवते. त्यातले पोटमुद्दे ब्रेल, खाणाखुणांची भाषा, सुलभ स्वरूपातली माहिती यांबद्दल आहेत. ते हवेतच. पण कोरा_कागद यांना ब्रेल नको होतं. त्यांची लिपी सगळ्यांना वाचता येत होती. आडवी आली ती लिहिणाऱ्याची पत, आणि तिच्यासाठी रॅम्प कसा बांधायचा हे त्या कलमात लिहिलेलं नाही. त्यासाठी कलम १२कडे जावं लागतं. कायद्यापुढे सर्वांना सारखी मान्यता आणि निर्णय घेताना लागेल तो आधार, असं ते कलम आहे.

थोरला, अशा वेळी मी पक्षकारांना एक कसोटी सांगतो. हेच वाक्य आजार नसलेल्या माणसाने लिहिलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं का? नाव घेऊन बदनामी, धमकी, दुसऱ्याची खाजगी गोष्ट, या गोष्टी कुणीही लिहिल्या तरी चुकीच्याच. तेवढ्यापुरतं थांबवा. ‘माझ्यावर पाळत आहे, मला भीती वाटते’ हे वाक्य मात्र कुणाचंही असलं तरी थांबवायचं नसतं. फोन कपाटात ठेवला की दोन्ही एकदम बंद होतात. डॉक्टरला, वकिलाला, मित्राला करायचा फोनही त्यात जातो, हे विसरू नका.

---

भरतीओहोटी | बुधवार, दुपारी ३:००

पक्षकार यांच्या मुद्द्याला जोडून. बरी असताना मी एक पान लिहून मैत्रिणीकडे आणि डॉक्टरांकडे ठेवलं आहे. त्यातलं थोडं देते, कुणाला उपयोगी पडेल.

झोप सलग तीन रात्री चार तासांच्या खाली गेली की ईमेलचा पासवर्ड मैत्रीण बदलेल. मी लिहिलेलं मसुद्यात पडून राहील, पुसायचं नाही. चौदा दिवसांनी आम्ही दोघी बसून ते वाचू. फोनवर बोलणं बंद करायचं नाही. माझी वही कुणीही उघडायची नाही, डॉक्टरांनीसुद्धा. आणि शेवटचं, जे लिहायला मला सर्वात जास्त वेळ लागला: माझ्या शरीराबद्दल, किंवा कुणी मला हात लावला याबद्दल मी काही सांगितलं, तर मी कितीही मेनियात असले तरी ते तारखेसह लिहून घ्यायचं आणि त्याची चौकशी करायची.

मला थांबवण्याचा हक्क मी स्वतः दिलेला आहे, म्हणून तो टोचत नाही.

---

थोरला | बुधवार, रात्री ११:२०

काल रात्री मी हा धागा भावाला दाखवला. तो हळूहळू वाचतो, औषधांनी अक्षरं हलतात म्हणतो. तास लागला. सगळं वाचून झाल्यावर त्याने माझ्या प्रतिसादावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘हे तू माझ्याबद्दल लिहिलंस. मला विचारलंस?’

मी म्हटलं, नाव कुठे घातलंय. तो म्हणाला, ‘त्या लोकांनीपण स्क्रीनशॉटच काढले.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याची एक पोस्ट जशीच्या तशी इथे उतरवली होती, तुम्हाला परिस्थिती कळावी म्हणून. त्याने काढायला सांगितली, काढली. बाकीचं राहू दे म्हणाला. आत्ता हे लिहितोय तेही त्याला वाचून दाखवून.

फोन परत दिलाय. भरतीओहोटी यांच्यासारखं पान आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं आहे, अजून अर्धंच झालंय. एका मुद्द्यावर अडलोय. रात्री पोस्ट टाकायच्या आधी त्याने मला दाखवावी असं माझं म्हणणं. दाखवीन, पण ‘काढ’ म्हणायचा हक्क तुला नाही, फक्त ‘सकाळपर्यंत थांब’ म्हणायचा, असं त्याचं म्हणणं. मी विचार करतोय. बहुतेक तोच बरोबर आहे.

---

दुसरा_आवाज | गुरुवार, सकाळी ९:३०

थोरला, भावाला माझा नमस्कार सांगा.

एक भर घालतो. न बोलण्याचाही हक्क असतो. कुठेही अर्ज भरताना, नव्या माणसाला भेटताना, आजाराची हकीकत सांग म्हणतात. ती सांगितली की तेवढीच लक्षात ठेवतात. मी या धाग्यावर आपणहून बोललो, कारण इथे मला कुणी बोलतं केलं नाही.

---

साधा_प्रश्न | गुरुवार, दुपारी २:१०

रात्रपाळी ताई, आज विचारलं. ‘तू आधी खा’ म्हणाली. मी खाल्लं. अर्धं ताट जेवली. आणि लिथियम चालू आहे, दीड महिना झाला. चवीबद्दल डॉक्टरांना उद्या विचारते.

---

कोरा_कागद | शुक्रवार, रात्री ८:५५

सगळ्यांचं वाचलं. मी एक केलं आहे. जुनी नोंद खोडा असं मी म्हणत नाही, ती त्या दिवशी कुणीतरी लिहिली होती हे खरंच आहे. तिच्याशेजारी माझं एक पान लावावं असा अर्ज दिला आहे. मजकूर असा:

‘नवव्या दिवशीच्या नोंदीसोबत टाचलेला कागद माझा आहे. त्याचा मजकूर खाली मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून देत आहे. त्यात हात आखडणे आणि गिळण्याचा त्रास यांची तक्रार आहे. त्या काळात मी आजारी होते. ही तक्रार माझी होती आणि तिला उत्तर मिळालेले नाही.’

‘मिळालेले नाही’च्या पुढे काही लिहावं का, ते कळत नाहीये. डॉक्टरांचं पत्र जोडू का?

---

पक्षकार | शुक्रवार, रात्री ९:२०

पुढे काही लिहू नका, एवढं पुरेसं आहे. त्या औषधाने असा त्रास होऊ शकतो एवढं सांगणारं डॉक्टरांचं पत्र मिळालं तर जोडा. नाही मिळालं तरी अर्ज थांबवू नका. दोन प्रती करा, दोन्हींवर तारीख घाला, आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७:०५

आणि ताई, पोच घेताना तिथे ड्यूटीवर जी नर्स असेल तिला ते पान वाचून दाखवा. नुसतं फाइलला लावायला देऊ नका.